धुऱ्यावर सशाची पिल्ले दिसली तर उचलू नका


मोहर्ली भागात गवत कापताना सशाचे पिल्लू एकटे दिसले, तर आई सोडून गेली असे समजू नका. रानससा बीळ करत नाही. पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडे असते. आई दिवसा दूर राहते, अंधार पडल्यावर पाजायला येते.

✅ तेवढे गवत काही दिवस राहू द्या, कुत्रा बांधून ठेवा.
✅ उचलले असेल तर त्याच जागी ठेवा. हात लागला म्हणून आई टाकत नाही.
❌ गाईचे दूध पाजू नका, हगवण लागून दगावते.
❌ घरी पाळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे.

📞 जखमी असेल तर वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी