साताऱ्यात रेस लावायची तर?

मोटारींच्या शर्यतीसाठी मोठ्ठा, गुळगुळीत, खास बांधलेला ट्रॅक लागतो, असंच वाटतं ना? पण काही शर्यती चक्क गावातल्या रस्त्यांवर होतात! काल जिथून भाजीचा टेम्पो गेला, तिथूनच आज रेसिंग कार सुसाट सुटते. याला म्हणतात स्ट्रीट सर्किट. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागर तलावाच्या काठी विजेवरच्या गाड्या अशाच पळाल्या. एक फेरी सुमारे २.८ किलोमीटरची आणि तेवढ्यात १८ वळणं! पुढच्या वर्षी चेन्नईत शर्यत झाली, तीही रात्री, दिव्यांच्या झगमगाटात.

गंमत अशी, की इथं वळणं कुठं हवीत हे आखणाऱ्याच्या हातात फारसं नसतं. गाव जसं, तसा ट्रॅक. चला, मनातल्या मनात साताऱ्यात एक आखून बघू.

पोवई नाक्यावरून राजपथानं राजवाड्याकडे जायचं आणि खालच्या रस्त्यानं, म्हणजे कर्मवीर पथानं, परत यायचं. झाली फेरी! सातारा वसलंय अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, त्यामुळे चढ-उतार आलेच. जगातलं सगळ्यात नावाजलेलं स्ट्रीट सर्किट मोनॅकोचं, तेही डोंगरउतारावरच आहे. ३.३३७ किलोमीटरच्या फेरीत गाड्या सुमारे ४२ मीटर वर चढतात आणि तेवढ्याच उतरतात. उतरतानाच खरी कसोटी. ब्रेक दाबला, की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागची हलकी होतात आणि घसरायला बघतात. आणि घसरायला जागा कुठंय? दोन्ही बाजूंना कठडे! वळणाचा हिशेब तर फारच कडक. एकाच वळणावर ताशी ४० ऐवजी ८० च्या वेगानं जायचं, तर टायरची पकड दुप्पट नाही, चौपट लागते.

मोनॅकोत एक बोगदाही आहे. भर उन्हातून एकदम आत, पुन्हा उन्हात, तेही ताशी अडीचशेहून जास्त वेगानं. डोळ्यांना सावरायला वेळच मिळत नाही. आपल्याकडेही पोवई नाक्याखाली भुयारी रस्ता आहेच की!

आता सांगलीला या. इथं चढ नाही, कृष्णाकाठचा सपाट मुलूख. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, आणि मोनॅकोची पहिली शर्यतही त्याच वर्षाची. सपाट आहे म्हणजे सोपं? मुळीच नाही. खाली आहे काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. रेसिंग कारचं पोट जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर वर असतं. एसटीला जो उंचवटा जाणवतही नाही, त्यावर ही गाडी धाडकन आपटते. स्पीडब्रेकर तर काढावेच लागतात. पाऊस पडला, की झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टेही निसरडे होतात.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती ड्रेनेजच्या झाकणांची गोष्ट. रेसिंग कारचा आकार असा केलेला असतो, की तिच्या खालून हवा अतिशय वेगानं जाते. तिथला दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटून राहते. पण हाच कमी दाब खालचं झाकणही वर ओढतो, स्ट्रॉनं उसाचा रस ओढावा तसं! म्हणून शर्यतीआधी झाकणं वेल्डिंग करून पक्की बसवतात.

एवढं करूनही नोव्हेंबर २०२३ मध्ये लास वेगासच्या फॉर्म्युला वन शर्यतीआधी फसगत झाली. सराव सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उचकटलं आणि चालक कार्लोस साइंझची फेरारी त्याच्यावर आदळली. गाडीचा खालचा भाग फुटला, बॅटरी बदलावी लागली. नियमापेक्षा जास्त बॅटरी वापरली म्हणून त्यालाच शिक्षा झाली, दहा जागा मागून सुरुवात करायची! चूक झाकणाची आणि भोगायचं त्यानं. मला तर हे अजिबात पटलेलं नाही.

तेव्हा सांगलीत सर्किट करायचं, तर आधी वेल्डिंगवाल्यांना बोलवा. आणि शर्यत संपल्यावर पुन्हा बोलवा, कारण ती झाकणं परत सोडवावी लागतील. तुंबलेलं ड्रेनेज साफ करायला ती उघडावी लागतातच ना!