शून्य आल्याशिवाय नाही

"शून्य आल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही," रात्रीचं काम बघणाऱ्या ताईंनी आल्याआल्या सांगितलं. लग्नाचे हजारो फोटो एका ओळीच्या हुकमावर क्लाउडवर जातात, असं ऐकून मी नाशिकच्या त्या स्टुडिओत गेलो होतो. मला वेगाचं कुतूहल होतं; ताईंनी वेगाचा विषयसुद्धा काढला नाही.

हळदीच्या कार्यक्रमातून आलेल्या कार्डाच्या कडेला पिवळं बोट उमटलं होतं. ताईंनी ते ओढणीने पुसलं आणि कार्डाच्या बाजूची बारीक कळ नखाने खाली सरकवली. कुलूप लागलं. आता यातलं काही चुकूनही खोडलं जाणार नाही. मग फोटो हार्ड डिस्कवर उतरले.

पुढचं काम 'आरक्लोन'चं. इंग्लंडच्या निक क्रेग-वूड यांनी गो भाषेत सुरू केलेलं हे साधन मोफत आहे. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, बस. ताई 'कॉपी' लिहितात, 'सिंक' कधीच नाही. फोटो दोन्हींनी वर जातात. पण सिंक वरचा फोल्डर खालच्यासारखा हुबेहूब करून ठेवतो. जागा व्हावी म्हणून इथला फोल्डर रिकामा केला आणि नंतर सिंक चालला, तर वरचंही अख्खं लग्न गेलं! आणि कॉपीच्याही आधी 'ड्राय-रन'ची रंगीत तालीम: काय काय जाणार ते पडद्यावर येतं, प्रत्यक्षात काही हलत नाही.

कॉपी झाली. मला वाटलं, संपलं. ताईंनी 'चेक' टाइप केलं.

फोटो जिथे जातात ते गूगल ड्राइव्ह प्रत्येक फोटोचा एमडी-फाइव्ह नावाचा 32 अक्षरी ठसा ठेवतं. चेक इथल्या फाइलचा ठसा काढून तिथल्याशी ताडतो. फोटोतला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. शेवटच्या ओळीत आकडा आला: 3. मध्ये नेट गेलं होतं, तेव्हा तीन फाइली राहिल्या होत्या. ताईंनी तोच कॉपीचा हुकूम पुन्हा दिला. आधी पोचलेल्यांना त्याने हात लावला नाही, राहिलेल्या तीनच गेल्या. पुन्हा चेक. शून्य.

मोबाइलच्या ॲपमध्ये 'बॅकअप पूर्ण' असं दिसलं की आपण निर्धास्त होतो. काय गेलं, काय राहिलं, कोण विचारतं? इथे फाइलगणिक हिशेब समोर येतो, आणि ज्यांची मंगलाष्टकं पुन्हा होणार नाहीत त्यांच्यासाठी कुणीतरी तो रात्री जागून वाचतं. मला तरी हे काम फोटो काढण्याइतकंच मोलाचं वाटतं.

"आणि हे तुम्ही नसताना?" मी विचारलं.

"कॉपी रात्री एकला आपोआप चालते, क्रॉन लावलाय," ताई म्हणाल्या. "पुसणं मात्र आपोआप ठेवलेलं नाही. ते मीच करते, शून्य बघून."