पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग चांगलं चाललंय?

मागच्या एपिसोडवर खूप मेसेज आले, म्हणून तो इथे लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. कोणत्याच खेळाडूचं वजन मी किलोत सांगणार नाही. खाण्याच्या आजाराशी झगडणारा माणूस असा आकडा ऐकला की तेच टार्गेट धरून बसतो.

तर, माझी मावसबहीण १५०० मीटर पळते. तिला विचारूनच हे सांगतोय. मागच्या वर्षी तिने इन्स्टावर फोटो टाकला, गालफडं बसलेली, हातापायाच्या शिरा दिसतायत. मी खाली कमेंट केली, "काय फिटनेस आहे यार!" चार महिन्यांनी तिच्या नडगीच्या हाडाला तडा गेला. वर्षभरात दुसऱ्यांदा. मग मावशीकडून कळलं की सात महिने पाळीच आलेली नाही, आणि कोच म्हणाले होते, "मुलींचं होतं असं, म्हणजे ट्रेनिंग नीट चाललंय."

मी इंजिनियर माणूस, बायोलॉजी दहावीनंतर सुटली. पण हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो.

वाचताना मेरी केन भेटली. अमेरिकेची धावपटू. २०१३ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी, ती मॉस्कोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १५०० मीटरची फायनल धावली. नंतर ती नायकीच्या एलिट टीममध्ये गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिडिओत तिने सांगितलं की तिथे तिला सतत अजून बारीक हो असं सांगितलं जायचं, वजन सगळ्यांसमोर व्हायचं. तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. तिचे कोच अल्बर्टो सालाझार यांनी आरोप नाकारले. पण पाळी आणि हाडं या दोन गोष्टी तिने एका दमात का सांगितल्या, ते बघा.

साधा हिशोब आहे. समजा एखादी मुलगी दिवसाला २००० कॅलरी खाते. घरच्यांना वाटतं, व्यवस्थित जेवते की! पण त्यातल्या ९०० ट्रेनिंगमध्ये गेल्या, तर उरल्या ११००. हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स, सगळं त्यात भागवायचं. फोनची बॅटरी कमी झाली की लो पॉवर मोड लागतो ना? कॉल चालू राहतात, बॅकग्राउंडची कामं थांबतात. शरीरही तेच करतं. आधी पाळी थांबते. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं ठिसूळ होतात, आणि विशीच्या आसपासचं वय तर हाडं भरण्याचं असतं. तेव्हा राहिलेली कसर नंतर पूर्ण भरून निघेलच असं नाही. गंमत म्हणजे शरीर खर्च इतका कमी करतं की वजन स्थिरही राहू शकतं. त्यामुळे फक्त बारीक दिसणाऱ्यांकडे बघून चालत नाही.

ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं आणि त्यात मुलांनाही धरलं. मुलांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं. पण त्यांना पाळीसारखा अलार्म नाही, म्हणून उशिरा कळतं.

आता, कमी खाल्लं जाणं म्हणजे लगेच आजार नव्हे. काही जणांना भूकच लागत नाही, काहींना हिशोब माहीत नसतो. आजार असतो तिथे भीती असते. चपाती खाल्ली म्हणून रात्री गुपचूप जास्तीचं पळणं, चारचौघांत जेवण टाळणं, बकाबका खाऊन मग ओकणं. आणि खेळात नेमकं हेच लपतं, कारण बाहेरून ते शिस्त वाटतं. दुसऱ्या कोणी जेवण टाळलं तर आई ओरडते. खेळाडूने टाळलं तर आपण टाळ्या वाजवतो. मी वाजवल्याच की.

नियम बदलूनही फरक पडतो, बरं का. स्की जंपिंगमध्ये हलका माणूस लांब उडतो, म्हणून खेळाडू उपाशी राहायचे. २००४ मध्ये नियम आला: उंचीच्या मानाने वजन ठरावीक मर्यादेखाली गेलं, तर स्की आखूड वापरायच्या. आखूड स्की म्हणजे हवेत आधार कमी. उपाशी राहण्याचा फायदाच कापला. सगळा प्रश्न त्याने सुटला नाही, पण इंजिनियर म्हणून मला हा फिक्स जाम आवडला.

बहिणीचं काय झालं? आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग स्पोर्ट्स डाएटिशियन, मग समुपदेशक. तिसऱ्या पायरीला घरात बराच वाद झाला. "तिला काय वेड लागलंय का?" वगैरे. तिचा अख्खा सीझन गेला. पाळी परत यायला पाच महिने लागले, आणि तिने मला मेसेज केला, "दादा, आली!" सोबत वडापावचा फोटो. या वेळी मी फिटनेसवर काही बोललो नाही, चटणी कुठली ते विचारलं.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणाची पाळी तीन महिने आली नसेल, किंवा हाड पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर कोचच्या आधी डॉक्टरांकडे न्या. मनातलं बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. भेटू पुढच्या रविवारी.