रुंद चौकटीत बसणारे स्क्रीन रेकॉर्डिंग

टीव्ही आणि यूट्यूबवरच्या बहुतेक व्हिडिओंची चौकट १६:९ या प्रमाणाची, सहसा १९२० बाय १०८० पिक्सेलची असते. रेकॉर्डिंग ज्या पडद्यावर होते तो मात्र तसा असेलच असे नाही. बऱ्याच लॅपटॉपचे प्रमाण १६:१० असते, आणि उभा धरलेला मोबाइल तर अगदीच चिंचोळा.

१९२० बाय १२०० च्या पडद्यावरचे रेकॉर्डिंग या चौकटीत तीन तऱ्हांनी आणता येते. ताणून बसवले की वर्तुळे चपटी होतात, अक्षरे आडवी फुगतात. हे कधीच करू नये. प्रमाण राखून लहान केले, तर चित्र १७२८ बाय १०८० चे होते आणि दोन्ही बाजूंना ९६ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात. त्यात काही कापले जात नाही, पण मजकूर दहा टक्क्यांनी बारीक होतो. तिसरी तऱ्हा कातरण्याची. उंचीतले १२० पिक्सेल वरून-खालून निम्मे निम्मे न कापता, नको असलेला भाग कुठे आहे ते पाहून कापावेत. विंडोजचा टास्कबार किंवा ब्राउझरची टॅबची पट्टी गेल्याने काही अडत नाही, आणि उरलेली अक्षरे मूळ आकारात, तितकीच रेखीव राहतात. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओत प्रेक्षक अक्षरेच वाचत असतो, म्हणून तिथे हीच तऱ्हा उत्तम.

लहान रेकॉर्डिंग मोठे करताना अक्षरांचीच हानी होते. १३६६ बाय ७६८ चे चित्र सुमारे १.४ पट वाढवावे लागते. एका पिक्सेलचे पूर्ण संख्येत पिक्सेल होत नसल्याने कडा पुसट होतात. यावर नंतर फारसा उपाय नाही. रेकॉर्डिंगआधीच ब्राउझरचा झूम १२५ किंवा १५० टक्के केला, तर निदान अक्षरे वाचता येतात.

मोबाइलचे १०८० बाय २४०० चे उभे रेकॉर्डिंग रुंद चौकटीत जेमतेम ४८६ पिक्सेल रुंदी व्यापते. उरलेल्या जागेत त्याच चित्राची धूसर प्रत पसरण्याची पद्धत रूढ आहे, पण ती लक्ष विचलित करते. साधा रंग आणि शेजारी ठळक सूचना अधिक उपयोगी.

ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हास आधीच १९२० बाय १०८० ठेवता येतो, आणि ऑल्ट दाबून कड ओढली की स्रोत तिथेच कातरला जातो. संपादनातही टाइमलाइनचा आकार स्वतः ठरवावा; शॉटकटसारखी काही सॉफ्टवेअर स्वयंचलित मोडमध्ये पहिल्या क्लिपचाच आकार साऱ्या प्रकल्पाला लावतात.