नळाचे पाणी : परीक्षा शेवटच्या तोटीवर
वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत महापालिकेचे पाणी थेट घागरीत पडत नाही. आधी भूमिगत टाकीत, मग गच्चीवरील टाकीत ते साठते. तेथे क्लोरीन उडून जाण्याचा संभव असतो. म्हणून शुद्धीकरण केंद्रातील नमुन्यावरून घरातील पाण्याची ग्वाही देता येत नाही. भारतीय मानक १०५०० नुसार क्लोरीनयुक्त पाण्यात ग्राहकाच्या तोटीशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळू नयेत. एक नमुना टाकीपूर्वीचा, दुसरा स्वयंपाकघरातला घ्यावा. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पिवळी छटा पहिल्यातच दिसली, तर दोष टाकीत शोधावा. दोन्हींत न दिसल्यास, पाणी कितीही नितळ असो, ते उकळूनच प्यावे आणि निर्जंतुक बाटलीतून नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा.