पणजीचं माहेरचं नाव

बोरनहाणाच्या पाटावर दीड वर्षाची नात बसलेली. अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओघळतात आणि भोवतीची पोरं त्यांवर तुटून पडतात. त्या गलक्यात खुर्चीवरची पणजी म्हणते, “आमच्याकडे ह्यात हुरड्याचे दाणेही टाकायचे.”

आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? सासरी की माहेरी? आणि माहेर कुठलं? मोबाइलवर फोटो पन्नास निघतात, हे विचारायचं मात्र राहून जातं.

घराण्याचा इतिहास म्हटलं की आपण कागद शोधायला लागतो. कागद आहेतही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना गाव नि आडनाव सांगितलं, की नामावळीत पूर्वी येऊन गेलेल्या पूर्वजांची नावं निघतात. आलेल्याने त्याखाली आपली आणि मुलाबाळांची नावं घालायची, अशी ती वही पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. तहसील कचेरीतली जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं आणि शाळेचं जनरल रजिस्टर तर जातपडताळणीमुळे घरोघर माहीत झालंय. जुनी पानं मोडीत असतात, पण मोडी वाचणारे आजही भेटतात.

मात्र जुन्या दप्तरांतली लिहिण्याची रीत बघा: अमका बिन तमका, अमकी कोम तमका. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. बाई कागदावर येते ती बहुधा नवऱ्याच्या नावाला धरून. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, की जुनं नाव मागे पडतं. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्या उच्चारल्या जातात, त्याही सासरच्या गोत्रासह. प्रत्येकाला चार पणज्या असतात. त्यांतल्या किती जणींचं माहेरचं नाव आपल्याला सांगता येईल?

बायकांनी आपला इतिहास वेगळ्या जागी ठेवला. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. भाऊ, लेक, माहेर, सासुरवास हे सगळं त्यांत आहे. आज ‘परी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणारणीच्या नावागावासकट वाचायला आणि ऐकायला मिळतात.

दुसरी जागा आपल्याच माळ्यावर आहे. पितळी डबा, पेला, परात उलटी-सुलटी करून पाहा. कुणी, कुणाला, कशानिमित्त दिलं आणि कोणत्या तारखेला, ते ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं असतं. बारशाला मामाने दिलेल्या वाटीवर जे सापडतं, ते सरकारी दप्तरात मिळेलच असं नाही. मोडी वाचायला माणूस मिळतो. मोडीत घातलेलं भांडं परत मिळत नाही. देण्याआधी निदान त्या अक्षरांचा फोटो तरी काढावा.

म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून “तुमचं आयुष्य सांगा” म्हटलं, तर “माझं काय मेलं सांगण्यासारखं!” एवढ्यावर मुलाखत संपते. तीच आजी नातवाला तेल लावताना, कुंची घालताना, गोधडीवर थोपटताना आपसूक बोलते. हे ठिगळ कुणाच्या लुगड्याचं, ही टोपडी कुणी विणली, तुझा बाप किती रडायचा. तेव्हा फोन बाजूला ठेवून आवाज तेवढा टिपून घ्यावा आणि फाइलला त्याच दिवशी नाव व तारीख द्यावी. एका वेळी एकच वस्तू विचारावी. जुन्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावं लिहावीत. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नये, प्लास्टिक पुन्हा सुटत नाही.

नातवंड थोडं मोठं झालं, की प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत. “आजी, तुला लहानपणी काय म्हणायचे?” हे मुलाने विचारलं तर लाजत का होईना, उत्तर येतं. आपण विचारलं, तर “आता काय करायचंय?”

हुरड्याच्या दाण्यांचंही तसंच. पणजीकडून एकदा गाव कळलं, घर कळलं, तिथे तिला कोणत्या नावाने हाक मारत ते कळलं, की वहीत लिहून ठेवा. पण नुसतं लिहून थांबू नका. पुढच्या संक्रांतीला बोरांच्या ताटात मूठभर हुरडाही घाला. कुणीतरी पोर विचारेलच, हे कशाला? तेव्हा पणजीचं माहेरचं नाव घेऊन उत्तर द्या.