निवडून सांगणं आणि खोटं सांगणं: काम बदलतानाचा सीव्ही

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात सीव्हीचा विषय जरा विचित्र वाटेल. पण ज्यांच्यासाठी तो घेतला, ती मंडळी आपल्या ओळखीची आहेत. सेट किंवा नेट झालेली, बरेचदा पीएच.डी.ही झालेली, आणि तरी महाविद्यालयात वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी. जितके तास घेतले तितकंच मानधन. सुट्टीत तेही नाही. पस्तिशी-चाळिशीत यातले काही जण ठरवतात की आता पुरे, दुसरं क्षेत्र बघू. मग सीव्ही लिहायला बसतात आणि अडतात.

हाताशी असलेला सीव्ही आठ-नऊ पानांचा असतो. शोधनिबंध, चर्चासत्रं, कार्यशाळा. कंपनीत तो कोणी वाचणार नाही, हे त्यांनाही कळतं. खरी अडचण वेगळीच असते. 'यातलं बरंचसं काढलं आणि समोरच्याला हवं तेवढंच ठेवलं, तर ती फसवणूक नाही का?' हा प्रश्न प्रामाणिक माणसालाच पडतो, म्हणून आपण तो नीट पाहू.

आधी घरातलं उदाहरण घेऊ. लग्नाच्या बायोडाटात रास, नक्षत्र, उंची, मामाकुळ असतं. नोकरीच्या बायोडाटात यातलं काहीच नसतं. माणूस मात्र तोच. मग दोहोंतला खोटा कागद कुठला? कुठलाच नाही. वाचणाऱ्याचा प्रश्न बदलला, म्हणून उत्तर बदललं.

जैन तर्कशास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे: नय. कुठल्याही वस्तूला असंख्य बाजू असतात आणि बोलणारा एका वेळी त्यातली एखादीच पुढे आणतो. बाकीच्या बाजू त्यानं नाकारल्या नाहीत, तर ते बोलणं म्हणजे नय. ते अपुरं असतं, पण खोटं नसतं. 'एवढंच खरं, बाकी काही नाही' असं म्हटलं की तो दुर्नय होतो. आपल्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे. सीव्ही हा नय असावा, दुर्नय नसावा.

आता हे कागदावर कसं उतरवायचं? समजा, अशा एखाद्या प्राध्यापकाला कंपनीच्या प्रशिक्षण विभागात किंवा सामाजिक संस्थेत समन्वयक म्हणून जायचंय. जुन्या सीव्हीत एक ओळ असते: 'नॅक समितीत सहभाग'. महाविद्यालयात याचा अर्थ सगळ्यांना कळतो, बाहेर कळत नाही. तिथे प्रत्यक्ष काय केलं ते लिहावं: सगळ्या विभागांकडून 5 वर्षांची माहिती मिळवली, पुरावे तपासून लावले, अहवालातला आपला भाग मुदतीत दिला. तसंच राष्ट्रीय सेवा योजनेच्या 7 दिवसांच्या शिबिराचं. मुलांची राहण्या-जेवणाची सोय, ग्रामपंचायतीशी बोलणी, खर्चाचा हिशेब, यातलं जे आपण केलं तेच लिहायचं, पण उलगडून. पदाचं नाव क्षेत्र ओलांडताना अर्थ गमावतं. केलेलं काम गमावत नाही.

क्रमही बदलतो. सर्वांत वर तीन-चार ओळी: कोणतं काम हवंय आणि त्याला उपयोगी असं आपण काय केलंय. मग अनुभव, मग शिक्षण. शोधनिबंधांना एक ओळ पुरे. सगळं मिळून दोन पानं.

लिओनार्दो दा विंचीनं 1482 च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात आधी हलके पूल, तोफा, झाकलेले गाडे. चित्रकलेचा उल्लेख शेवटाकडे. मिलानच्या सत्ताधाऱ्याला तेव्हा युद्धाची काळजी होती. पण पत्राचा शेवटही पाहा. यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत करून दाखवतो, असं तो म्हणतो. म्हणजे निवड केली आणि पडताळणीचीही तयारी ठेवली.

आपली सीमारेषाही हीच. तासिका तत्त्वावरचं काम पूर्णवेळ पद म्हणून दाखवलं, तर तो नय राहिला नाही, ते असत्य झालं. पीएच.डी. पाहून लोक बिचकतात, म्हणून ती लपवावी असा सल्ला काही जण देतात. वरच्या ओळींतून ती खाली शिक्षणात न्यायला हरकत नाही. पण ती गाळली, तर त्या वर्षांत काय केलं याचं काहीतरी उत्तर रचावं लागतं, आणि तिथे घसरण सुरू होते. कसोटी सोपी आहे. कागदावरच्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून कोणी म्हणालं, 'याबद्दल आणखी सांगा', तर सांगता आलं पाहिजे. आणि जे लिहिलं नाही ते कोणी विचारलं, तर न अडखळता 'हो, तेही केलंय' म्हणता आलं पाहिजे.

एक सूचना. मोठा सीव्ही फेकू नका. तो स्वतःसाठी ठेवा, त्यात भर घाला, आणि प्रत्येक अर्जाच्या वेळी त्यातून निवडा. नऊ पानांची दोन करताना आपली दहा वर्षं कोणीतरी खोडतंय असं वाटतं, आणि ते दुःख खरं आहे. पण गाळलेली सात पानं आपण नाकारलेली नाहीत. या वाचकाचा प्रश्न त्यांच्याबद्दल नव्हता, एवढंच.